अकरावा खिळा

पाणी येतं पाचव्या दिवशी, पहाटे तीनला,
आणि कृष्णवेणीबाई सांगत होत्या,
आल्या आल्या हात धुवायचे पोरांचे,
जेवायच्या आधी, शी झाल्यावर,
नाक पुसल्यावरसुद्धा.
मी मनातल्या मनात तांबे मोजत राहिले.
"पाण्याचं मी बघते," त्या म्हणाल्या,
"तुम्ही लसीचं कार्ड काढा."

कार्ड चार घड्यांचं, एका घडीवर फाटलेलं.
त्यांनी चष्मा चढवून बोट फिरवलं:
"गोवराचा दुसरा राहिलाय. तो देऊन आणा, मग सोमवारी या."

अशोक चौकाच्या मागे दोन खोल्या, पुढं पत्रा,
भिंतीला भिंत लागून कुणाचेतरी माग.
खटखटीत पोरं गाढ झोपतात,
लाईट गेली, माग थांबला, की सगळी एकदम जागी.
भिंतीवर दहा खिळे, दहा टॉवेल,
एकाचा दुसऱ्याला लागू नये इतकं अंतर.
माझ्यासमोर त्यांनी अकरावा ठोकला
आणि विचारलं, नाव काय लिहू?
भार्गवी, मी म्हटलं. भार्गवी येमूल.

मी एमआयडीसीत टॉवेल तपासते.
दिवसाला हजार, सणाच्या आधी बाराशे.
सुटलेला धागा, तेलाचा ठिपका, काठावरची गाठ,
बोटांनाच दिसतं सगळं.
पण त्या खोलीतल्या हवेला काठ नाही,
धरून उजेडात बघता येत नाही ती.

पहिल्या आठवड्यात नाक.
दुसऱ्यात खोकला, तिसऱ्यात डोळे चिकटले.
मार्चचं ऊन एकेचाळिसावर;
कपाळावर हात ठेवला तर कळेना
ताप आतला की सोलापूरचा.
थर्मामीटर घेतला तेव्हा.
शेजारच्या यल्लव्वानं मीठमोहऱ्या उतरवल्या,
मी नको म्हटलं नाही.
गुर्रम डॉक्टर हसले:
"वर्षभर असंच चालणार, आठ-दहा वेळा.
शरीर ओळखी करून घेतंय.
पाणी पाजा, झोपू द्या,
आणि दर वेळी माझ्याकडं अँटिबायोटिक मागू नका."

ओळखी.
रजा संपल्या होत्या माझ्या.

त्या गुरुवारी पारा शंभराच्या थोडा वर.
मी सिरप दिलं, अर्ध्या तासानं अंग गार लागलं,
केस विंचरले, शेंगाचटणी-भाकरी माझ्या डब्यात,
मऊ भात तिच्या,
आणि दारात सोडून, न बोलता, वळले.
डाग दिसत असताना माल पास केला मी.

बाराला फोन आला.
पोहोचले तर ती बाहेरच्या पत्र्याखाली
वेगळ्या चटईवर, ओलं फडकं कपाळावर,
बाई शेजारी बसून विंझणा हलवत.
रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
"दहा घरं आहेत हो त्या दहा खिळ्यांमागं," एवढंच.
सोमवारी गज्जमांचा नातू तापला.
तिच्यामुळंच, असं कुणी म्हटलं नाही.
मी आजही त्याच्या आईला दिसले की
चप्पल शोधत बसते.

सुपरवायझरला खरं सांगितलं शेवटी.
पगार कापला दोन दिवसांचा.
त्या दोन दिवसांत आम्ही दोघी
खिडकीला ओली चादर लावून झोपलो,
मधेच उठून डाळिंबाचे दाणे,
मधेच नुसतंच एकमेकींकडं बघणं.

आता ताप उतरून चोवीस तास होईतो
ती घरी, हे ठरलेलं.
पुढच्या महिन्याचं ठरलेलं नाही.

काल पाण्याचा चौथा दिवस होता.
पिंपात तळ दिसत होता, मी कामावरून आले,
मनगटापर्यंत सुताचा बारीक कापूस,
आणि तिला उचलायला वाकले.
ती एक पाऊल मागं सरली.
"हाऽऽत," म्हणाली, बाईंसारखं डोळे मोठे करून,
आणि मोरीकडं बोट दाखवलं.

तांब्या तिनंच धरला, दोन्ही हातांनी.
निम्मं पाणी माझ्या पायावर सांडलं.