नऊ फुटांवर

दिवाळीनंतर आमच्या कॉलेजच्या कोर्टावर धान वाळतं.
एका रिंगपासून मधल्या रेघेपर्यंत पिरकाबाईचं,
उरलेलं अर्धं आमचं.
त्या अर्ध्यातच भोजराज नैताम सेंटर झाला.

सहा फूट सहा इंच.
आरमोरीकडच्या खेड्यात एवढी उंची म्हणजे गावची मालमत्ता.
खांबावरचा बल्ब गेला, बोलवा भोजाला.
मंडपाची दोरी, कौलावरची पतंग,
राइस मिलच्या छपरात अडकलेलं मांजर.
लग्नात फोटोवाला म्हणायचा,
तुम्ही जरा मागं, जरा खाली, अजून खाली.
घराची चौकट पाच फूट आठ,
तिचं टेंगूळ कपाळावर कायमचं
आणि पाठीला एक बाक,
माफी मागत असल्यासारखा.

मी पॉइंट गार्ड. पाच फूट चार.
माझं काम एकच:
चेंडू नऊ फुटांवर न्यायचा आणि सोडून द्यायचा.
तिथं आधी हवा असायची,
मग हात.

खोब्रागडे सर म्हणत, सेंटरनं रिंगकडं पाहू नये,
रिंग पाठीला कळली पाहिजे,
अंधारात घरातला माठ कळतो तशी.
भोजा पाठ लावून उभा राहायचा,
गडचिरोलीची दोन पोरं त्याला मागून लोटायची,
पायाखाली उडून आलेले धानाचे दाणे,
घसरलास तर ढोपर गेलं.
म्हणून त्याचे पाय तसे झाले:
दाणा न चिरडता वळणारे.
नागपूरला निवड करणाऱ्यानं विचारलं, हे फुटवर्क कुणाचं?
सर नुसतेच हसले.
पिरकाबाईचं, असं कसं सांगायचं!

चौदा नंबरचा बूट सीताबर्डीतही मिळाला नाही.
बारा नंबरचा घेतला, अंगठ्यापुढं ब्लेडनं खिडकी कापली.
त्याच बुटावर तो हैदराबादच्या ट्रायलला गेला,
रेल्वेच्या बर्थबाहेर पाय काढून,
रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात.

दुसऱ्या रात्री फोन.
"अना, इथं मी बुटका आहो गा."
मला वाटलं, रडतो आहे.
"कोच म्हणते, सेंटर? तू? सात फुटाचे दोघं बसले इथं.
तू बाहेरून शूट करायले शीक."
थोडा वेळ काहीच बोलला नाही.
मग म्हणाला,
"मान वर करून बोलाव लागते बे. दुखून राह्यली मान."
आणि हसला,
असा हसला की मी फोन कानापासून लांब धरला.

करार आठ महिन्यांचा, इंग्रजीत अकरा पानं.
सरांनी वाचला, तलाठ्यानं वाचला.
हाड मोडलं तर पुढं काय, ते नवव्या पानावर होतं,
ते कुणालाच नीट लागलं नाही.
सही दहाव्यावर होती. ती केली.

पहिला सामना आम्ही मिलच्या ओट्यावर मोबाइलात पाहिला.
तीन क्वार्टर तो बाकावर, टॉवेल गुडघ्यावर.
मग चार मिनिटं.
दोन रिबाउंड, एक फाउल,
बाहेरून मारलेला एक चेंडू, रिंगला न लागताच गेलेला.
नंतर नेटवर्कचं चाक फिरत राहिलं.
त्याची माय चेंडू पाहतच नव्हती.
म्हणाली, "पाह्य, वाकत नाही आता थो."

मी इथंच आहे. संध्याकाळी पोरांना शिकवतो,
आधी कोर्ट झाडतो, मग शिट्टी.
पण हाताची सवय मोडत नाही,
पास अजून नऊ फुटांवरच जातो.
पोरं उड्या मारतात, बोटंही पोचत नाहीत,
चेंडू वरून निघून थेट धानात
आणि पिरकाबाई सूप घेऊन उठते,
"अना, कोणाले देऊन राह्यला बे थो चेंडू?
कोणी आहे का तिथं?"