काम पूर्ण होण्याचा दिनांक

दहीपुलाजवळचा निळा बोर्ड
मीच रंगवलेला.
कामाचे नाव, ठेकेदाराचे नाव, रक्कम,
आणि सगळ्यात खाली
काम पूर्ण होण्याचा दिनांक.
एवढी एकच ओळ आजवर चारदा रंगवली.

पहिल्यांदा लिहिली तेव्हा हात सैल होता.
भांडीबाजारातून सरळ चालत जाता यायचं,
घागरी दारात ऊन खात बसायच्या
आणि उद्धवशेठ कासार चहा पाजून म्हणाले,
पेंटर, तारीख जरा ठळक काढ,
गल्ल्यावर बसून वाचता आली पाहिजे.
काढली. पिवळ्याला काळी कड देऊन.

मग रस्ता उकरला.
उकरला म्हणजे असा, की
दुकानं वर राहिली आणि बाजार खाली गेला.
एका पाईपाखाली दुसरा पाईप निघाला,
त्याखाली दगडी मोरी, जी कुठल्याच नकाशात नव्हती
आणि तरी वाहत होती.
लोणारी साहेब काठावर उकिडवे बसले,
बराच वेळ त्या पाण्याकडे बघत.
हे कुणाचं, त्यांनी विचारलं.
कुणालाच सांगता येईना.
काम थांबलं. पत्र गेलं. पत्राला पत्र आलं.
मला निरोप आला: तारीख बदला.

दुसऱ्या वेळी जुनी खरवडली नाही,
वरून निळा हात मारला, झालं.
दुकानाला तोवर फळी लागली होती,
दीड फूट रुंद, मधोमध लवणारी.
लग्नाची भांडी घ्यायला आलेली माणसं
फळीच्या अलीकडेच थबकायची,
हंड्याचा भाव तिथूनच ओरडून विचारायची
आणि परतायची.
कॉलेज रोडला पार्किंग आहे म्हणे.

तिसरी तारीख पाण्यानं नेली.
सरस्वती नाला ज्या रात्री बाजारात शिरला
तेव्हा त्याला वाट शोधावी लागली नाही,
आम्ही ती खणूनच ठेवली होती.
सकाळी सुरगाण्याचा जयराम गावित,
ठेकेदाराचा रोजंदारी माणूस,
कमरेएवढ्या गाळात उभा राहून
एकेक घागर वर देत होता.
देताना ती उलटी करून आधी पाणी ओतायचा,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.
उद्धवशेठनं त्याच्या हातात एक तांब्या ठेवला.
जयराम म्हणाला, आता राहू द्या,
झोपडीत कुठं ठेवू.
रस्ता झाला की जाताना नेतो.

रस्ता झाला नाही.
ठेकेदार मात्र बदलला,
आणि जुन्याची माणसं एका संध्याकाळी
टेम्पोत बसून गेली, फावड्यांसकट.
मी बोर्डावरचं नाव बदललं, तारीख बदलली,
बिल लावलं. ते अजून फाईलीत आहे.
चारपैकी तीन तारखांचेच पैसे मिळाले मला,
आणि मी कुठल्या तोंडानं कुणाला उशीर म्हणू,
माझ्याच मुलीच्या दारावरची पाटी
दिवाळीपासून अर्धी रंगवून पडली आहे.

आता रंगाचे थर इतके चढलेत
की तिरप्या उन्हात
चारही तारखा एकमेकींच्या पाठीवरून वर येतात
आणि एकही धड वाचता येत नाही.

काल साहेबांचा फोन होता.
पाचव्यांदा जायचं आहे.
तारीख काय टाकू?
पलीकडून कागद चाळल्याचा आवाज.
टाकू नका सध्या. नुसतं दिनांक लिहा.
जागा सोडा.

लिहिलं. जागा सोडली.
ब्रश धुऊन फळीवरून आत गेलो.
उद्धवशेठचा मोतीबिंदू पिकलाय, बोर्ड काही दिसत नाही त्यांना,
चिंच लावून तोच तांब्या घासत बसले होते.
गळ्याला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर गावित.

काय लिहिलंस?
म्हटलं, जागा सोडलीय.
किती?
एका तारखेपुरती.
त्यांनी तांब्या उजेडाकडे धरला,
अंगठ्यानं कड चाचपली.
मग बरं, म्हणाले,
आणि पुन्हा चिंच घेतली.