पोस्टरवर चुकून श्री.

कुंदा तांडेलचा गळा मी पहिल्यांदा ऐकला
तो देवळात नव्हे.
तळाशीलच्या वाळूत, रापण ओढून झाल्यावर.
आईचा घसा बसलेला, म्हणून बारा वर्षांची पोर
पाटीला पाय लावून लिलाव पुकारत होती:
"दोनशे एक! दोनशे एक!
बघतास काय, बांगडे असत, फोटो न्हय!"
आणि शेवटचा आकडा तिने असा लांबवला
की घेणारा नोटा मोजायचाच विसरला.

भिकाजी बुवा सायकलवरून उतरले.
मी त्यांचा झांजवाला, कॅरिअरवर.
बुवा डोळे मिटून म्हणाले,
"ह्या चेडवाचो सूर काळी पाच आसा."
तिच्या बापाला वाटलं, काहीतरी आजार सांगतायत.

बाईमाणूस पेटीवर बसणार? वाडी बोलली.
आई म्हणाली, लिलावात ओरडते तेव्हा
कोणाला बाईमाणूस दिसली नाही ती?
मग कोणी बोललं नाही.

सुक्या मासळीच्या मांगरामागे शिकवणी.
दक्षिणा दर गुरुवारी, जे जाळ्यात येईल ते.
बुवा माळकरी, म्हणून दक्षिणा माझ्या घरी शिजायची.
गुरू त्यांना मानते ती,
पण वजन माझं वाढलं.

पेडव्याचा काटा बोटात मोडलेला असायचा,
त्याच बोटाने ती कोमल गंधार दाबायची.
चुकली की बुवा पेटीचा भाता बंद करायचे
आणि समुद्राकडे बघत बसायचे.
शिवी परवडली असती.

पहिली डबलबारी चिंदरपलीकडच्या एका वाडीत.
कणकवलीच्या छापखान्यात कुंदाचं झालं कुंदन,
आणि पुढे लागला श्री.
दोन हजार माणूस श्री. कुंदन बुवा बघायला आलं
आणि पेटीमागे बसली एक मुलगी, सतरा वर्षांची,
आईच्या नव्वारीचा काठ लावलेल्या पोलक्यात.

समोरचे बुवा वीस वर्षं मुरलेले.
माईकवर हुंगून म्हणाले,
"आज मंडपात मीठ जरा जास्त झालंय काय?"
मंडप हसला. माझी झांज थंड पडली.
तिने पट्टी धरली, आणि गजराच्या चालीत
समोरच्या बुवांचा षड्ज लिलावाला काढला:
रुपया एक... रुपया एक...
कोण घेता? ताजो न्हय, पण स्वस्त आसा!
मागच्या रांगेतली म्हातारी माणसं उठून उभी राहिली.
ते बुवाही हसले, हे सांगायला हवं.

मग जनरेटर गेला.
काळोखात तिने गवळण धरली, माईक नसताना.
लाटांवरून होडीतल्या बापाला हाक मारायची सवय;
फणसाखाली गाडी लावून झोपलेला ड्रायव्हर
दुसऱ्या दिवशी मला शब्दन् शब्द सांगत होता.
शेवटी दोघांना नारळ.
शाल एकच आणलेली, ती त्यांना.

पुढच्या वर्षी कॅसेट काढली.
स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानावरची खोली,
भिंतींना गाद्या. एसटी हॉर्न देत गेली की पुन्हा पहिल्यापासून.
बी साईडला तिसऱ्या अभंगात कोणाचातरी कोंबडा आरवला.
पैसे संपलेले, तो तसाच राहिला.
पाचशे काढल्या. एकशे चाळीस खपल्या,
त्यातल्या अकरा मी घेतल्या.

आता ती हंगामात साठ बाऱ्या करते.
पोस्टरवर फोटो असतो, पेटी दोन लाखांची,
माझ्या जागी तिचा भाचा.
माझे गुडघे मांडी घालू देत नाहीत.

उरलेल्या कॅसेटी गोठ्यात होत्या.
त्यांची फीत सोडवून तिच्या आईने
चवळीच्या मळ्यावर ताणून बांधली, पाखरांसाठी.
परवा गेलो होतो.
खारा वारा सुटलेला, फीत काळी चकाकत थरथरत होती,
पोपट लांब माडावर बसून विचार करत होते.
मला नुसती सळसळ ऐकू आली.
म्हातारी शेंगा खुडत होती,
मध्येच हात थांबवून मला म्हणाली,
"गप ऱ्हव. आता कोंबडो येतलो."