पिशवी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल.
आईनं आधी मांडीवरची पिशवी घट्ट धरली,
रेशन कार्ड, जुने केसपेपर, तंबाखूची पुडी.
मग हसली, तोंडाला पदर लावून.

घरी आमची तेलुगू. आम्ही कडुपु म्हणतो.
पोट तेच, कूस तीच,
भूक लागते तीही तिथंच.
शाळेत मराठीच्या बाईंनी सगळं वेगवेगळं करून दिलं:
उदर, गर्भ, गाभा, गाभारा.
गर्भश्रीमंत. वाक्यात उपयोग करा.
मी लिहिलं, मी गर्भश्रीमंत नाही.
बाईंनी बरोबरची खूण केली.

मी पोटात असताना आई रोज हजार विड्या वळायची.
सूप मांडीवर मावेना झालं
तेव्हा पोटाला टेकवून.
म्हणजे जगातलं मी पहिलं ऐकलं असेल
ते पानावर चालणारी कात्री.

दार किलकिलं झालं. भूदेवी गाजूल यांचं कोण आहे?
ट्रेमध्ये दाखवलं. मुठीएवढं.
लॅबला न्यायचंय, रुंद तोंडाची बरणी आणा.
दुपारचे दोन, समोरचं दुकान बंद.
डब्याबरोबर शेंगाचटणीची बरणी होती.
चटणी कागदावर काढली,
नळाखाली बरणी तीनदा धुतली,
लसणाचा वास काही गेला नाही.

सात रस्त्यापर्यंत रिक्षा.
खड्डा आला की मी दोन्ही हातांनी धरायचो.
जिथं मी सगळ्यात आधी राहिलो
ते घर माझ्या मांडीवर बसून निघालं होतं,
पहिल्यांदाच बाहेर.
त्याला काहीतरी दाखवावं असं वाटलं:
ही माझी शाळा.
हा चादरीचा कारखाना, बंद पडलाय.
तो रसवाला उधार देतो.

लॅबमधल्या पोरानं झाकणाला चिकटपट्टी लावली,
लिहिलं, नमुना एक.
पेशंट तुमचं कोण?
आई, म्हणालो.
म्हणताना बरणीकडेच बघत होतो.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. पाणी द्यायचं नव्हतं,
कापूस भिजवून ओठांना लावला.
काय काढलं, किती काढलं, विचारलं नाही.
म्हणाली, चटणीची बरणी दिसत नाही रे.
लॅबला दिली, म्हटलं. आणतो परत.

बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
राहू दे, म्हणाली.
त्यालाही कशात तरी राहायला पाहिजे.