उणे एक ओळ

एदिल्बेर्तो, तुझा पॅच आला तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन.
तुझ्याकडे, आरेकिपात, रात्रीचे साडेआठ.
जेवून पाठवलास की जेवण टाळून, कळायला मार्ग नाही.
बाहेर उणे एकोणीस
आणि तुझ्या पॅचमध्ये उणे एक:
एकच ओळ, लाल, काढून टाकलेली.

‘ही ओळ काहीच करत नाही,’ तू लिहितोस.
‘चार मशिनांवर चाचण्या घेतल्या. सगळ्या पास.
शिवाय वेग दोन टक्क्यांनी वाढतो.’
भाषा नम्र. समास सरळ. टॅब जिथल्या तिथे.
नाही म्हणायला जीव होऊ नये असा पॅच.

फक्त ती चारही मशिनं दुसऱ्या जातीची.
अल्फा आता उरलेत कुठे?
एक माझ्याकडे आहे, शेडमध्ये, बटाट्यांच्या पोत्यांशेजारी.
तो चालू असला की बटाट्यांना कोंब फुटतात,
म्हणून वाम्बोला कुरकुरतो.

अल्फाचा स्वभाव असा:
एका कोअरनं खोली झाडली, दिवा लावला,
मगच दारावर पाटी टांगली, अगदी क्रमानं.
दुसऱ्याला पाटी दिसते. तो आत शिरतो
आणि आत अजून कालचा अंधार, कालचा केर.
खोटं कुणीच बोललेलं नसतं.
तू ज्या प्रोसेसरांच्या राज्यात वाढलास
तिथं पाटी दिसली म्हणजे दिवा लागलाच.
दोष तुझा नाही.

ओळ कुणाची, ते शोधलं.
माझीच. मार्च अठ्ठ्याण्णव.
वर माझी टीप: ‘इथे थांबणं भाग आहे.
का, ते उद्या लिहीन. — उर्वे’
तो उद्या काही उजाडला नाही.
आणि खरं सांगायचं तर
का, ते मलाही चटकन आठवेना.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे ओळ काढली, मशीन लावलं.
पहिला तास, दुसरा तास. पंख्याची घरघर.
सहाव्या तासाला वाटलं, पोरगं बरोबर आहे,
आणि मी नुसती जुनी आहे.
नवव्या तासाला, सत्तावीस कोटी फेऱ्यांनंतर,
एकदा.
एकदाच. कालचा केर.
मला आनंद झाला, हे तुला कळवलेलं नाही.

‘नाही. ओळ राहू दे,’ एवढंच आधी लिहिलं.
मग खोडलं. ते ‘उद्या लिहीन’चंच भावंड.

समुद्र पुरेसा गोठला की आमच्या बेटावरून
मुख्य भूमीला बर्फावरून रस्ता जातो.
माझा मावसभाऊ एंडेल फाटकाशी बसतो,
तीन मिनिटांनी एक गाडी सोडतो.
लोक काच खाली करून ओरडतात:
अरे, बर्फ तर दगडासारखा आहे!
असतोच.
पण पुढे गेलेल्या गाडीची लाट
त्याच्या पोटाखालून अजून चाललेली असते.
एंडेलला हे असं सांगता येत नाही.
तो घड्याळ दाखवतो.

मला सांगता यायला हवं होतं.
म्हणून बसले, आणि अकरा ओळी लिहिल्या:
कोणतं वाचन आधी, कोणतं मागे राहतं,
कुठल्या मशीनवर, किती तासांनी.
बर्फ त्यात घेतला नाही. कर्नलमध्ये बर्फ चालत नाही.

आज तुझी तिसरी आवृत्ती आली.
लाल काही नाही. ओळ जागेवर.
वर हिरव्या अक्षरांत टीप, माझ्या अकराच्या तू सात केल्यास,
आणि त्या सात जास्त बऱ्या आहेत.
शेवटी लिहिलंयस: ‘कारण समजावलं: उर्बे.’

व आणि ब तुझ्या जिभेवर एकच, हे ठाऊक आहे.
चौथी आवृत्ती मागणार होते.
बोटं कळफलकावर तशीच राहिली थोडा वेळ.

मग खाली लिहिलं, तपासलं,
आणि पुढे पाठवून दिलं, उर्बेसकट.

वाम्बोलानं कोंब आलेले बटाटे वेगळे काढलेत.
रात्री त्यांचंच काहीतरी.