पहिलं प्रूफ

आप्पा बळवंत चौकामागच्या बोळात, शिंत्र्यांच्या छापखान्यात
मी तेवीस वर्षं लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करते.
लग्नपत्रिका, दहावीची गाइडं, वर्षश्राद्धाची कार्डं,
आणि निवडणूक लागली की पत्रकं.

सोमवारी कुंजिरांचा विक्रांत आला. हेल्मेट न काढताच म्हणाला,
"उद्या सकाळी पाच हजार. बुवाचा बुक्का उतरवायचाय."

बुवा म्हणजे नरहरीबुवा खळदकर, कीर्तनकार,
आमच्या भवानी पेठेतून उभे, निशाणी शिट्टी.
मी त्यांना मत देणार नाही. हे आधीच सांगून ठेवते,
पुढे तुमचा गोंधळ नको.

सवयीनं आधी शुद्धलेखन पाहिलं.
'सासवडला ठेवलेलि बाई': वेलांटी दुसरी केली.
'एकादशिला मटण': वेलांटी दुसरी केली.
मग चहा आला. चहा ओतता ओतता विचारलं,
बाई कोणी पाहिली?
"अख्ख्या पेठेला माहितीये."
अख्खी पेठ म्हणजे कोण?
"गिरणीवाला."
आणि गिरणीवाल्याला कोणी सांगितलं?
आठवलं. गेल्या दिवाळीत, भाजणी दळून होईपर्यंत,
मीच.
मला कोणी सांगितलं होतं, ते मात्र काही केल्या आठवेना.

लाल पेन घेतलं.
बाई काटली. मटण काटलं.
'टाळकुट्या काय कारभार करणार' हेही काटलं.
माझे वडील टाळ कुटायचे, आणि टेलिफोन खात्यात
त्यांच्या वहीत कधी चार आणे इकडचे तिकडे झाले नाहीत.
'विधवांचे दागिने गिळले' इथे पेन थांबलं.
हे खरं असावं असं मला फार वाटत होतं.
त्या वाटण्याकडे जरा वेळ बघत राहिले.
काटलं.

'अन्नछत्राचा पैसा खाल्ला.'
खाताना पाहिलं नाही. पण तीन वर्षांचा हिशेब
मठाच्या फळ्यावर लागलेला नाही,
हे मी स्वतः, चपला हातात धरून, पाहिलंय.
म्हणून लिहिलं: तीन वर्षांचा हिशेब कुठे आहे?
'पोरांचं मैदान हडपलं' याचं केलं:
खेळासाठी राखीव जागेवर मठाच्या सभागृहाचे
सहा खांब उभे आहेत. परवानगी कोणी दिली?
सहा. मोजून.

एवढंच उरलं. बाकी पान लाल.

विक्रांत म्हणाला, "मावशी, यानं काडीसुद्धा पेटणार नाही."
शिंत्रे म्हणाले, "तुम्हाला ऱ्हस्व-दीर्घाचे पैसे मिळतात."
दोघांचंही बरोबरच होतं.
विक्रांतनं प्रूफ उचललं, किक मारली.

बुधवारी पत्रक दाराशी, दुधाच्या पिशवीला चिकटून.
दुसऱ्याच कुठल्या छापखान्यातलं, खाली मुद्रकाचं नाव नाही.
बाई होती, मटण होतं, दागिने होते.
काट एकही घेतली नव्हती.
वेलांट्या तेवढ्या घेतल्या होत्या, सगळ्या, माझ्या.
इतकं शुद्ध पत्रक पेठेत कधी निघालं नसेल.

शनिवारी बुवा आमचा जिना चढून आले, धापा टाकत.
मी विचारलं, बुवा, अन्नछत्राचा हिशेब?
त्यांनी हात जोडले. "माउली, तुम्हीसुद्धा ते पत्रक वाचलंत?
माझी मुलगी दोन दिवस कॉलेजला गेली नाही."

खरं बोलत होते. डोळे सुजले होते.
मला लाज वाटली,
आणि त्या लाजेच्या आडून
बुवा पुढच्या दाराशी निघून गेले.

"ते नाही, बुवा, दुसरं," मी कठड्यावरून वाकून म्हणाले.
"हिशेब. आणि ते खांब."
खाली ताशा सुरू झाला होता.

संध्याकाळी मैदानावरून आले.
पोरं तिसऱ्या खांबाचा स्टंप करून खेळत होती.
पुन्हा मोजले.
सहाच आहेत.