कल्ले

तिकीट वीस रुपये.
द्वारकाआत्यानं सवयीनं भाव पाडला,
"दोघींचे तीस घे रे."
खिडकीतला पोरगा हसला. मी मागे वळून
ओळखीचं कुणी नाही ना, ते पाहून घेतलं.

मिरकरवाड्यातून इथं यायला रिक्षानं दहा मिनिटं.
आत्याला बेचाळीस वर्षं लागली.
पहाटे जेटीवर लिलाव, मग पाटी, मग बाजार,
मग कोयता, खवले, बर्फ, परत पाटी.
"मासं बघाया पैसं देतं व्हय कोन?"

आवारात देवमाशाचा सांगाडा.
बरगड्यांखालून शाळेची रांग चाललेली, दोन-दोन.
शेपटापासून जबड्यापर्यंत तिनं नजर ओढली,
"किती पाट्या झाल्या असत्या गो?"
आणि पुढे गेल्यावर, स्वतःशीच,
"घेनार कोन पन."

आत निळा काळोख.
हेकरू दगडाआड, उधारी मागायला कुणी आल्यासारखा
तोंड पाडून बसलेला.
वागळी वाळूवरून जाते
तशी कुणी अंगणात गोधडी झटकावी.
मी पाट्यांवरची लांबलचक नावं अडखळत वाचत होते,
तोवर आत्या पुढच्या काचेवर पोचलेली:
शितप. वाम. पालू. तांबोशी.

तांबोशीपाशी थांबली.
हात आपोआप उठला, अंगठा वाकला,
कल्ला उचलून आतला लाल बघायचा
तसा.
अंगठा काचेला लागला.
पलीकडे कल्ला आपणहून उघडला.
मिटला.
उघडला.

"ह्यो असा हलतो?"

जेटीवर येतात ते बर्फातून येतात.
एखादा तडफडतो कधी, पण ते वेगळं.
ही काही मरत नव्हती. हिला कुठं जायचंही नव्हतं.
पाण्यात उभी राहून
नुसती श्वास घेत होती, कुणी बघतंय म्हणून नव्हे.

तेवढ्यात लाइट गेली.
अंधारात शंभर पोरांचा एकच कल्ला,
बाईंची शिट्टी,
आणि त्याखाली एक आवाज बंद पडला, जो चालू होता
हे तोवर कुणाला माहीत नव्हतं:
बुडबुड्यांचा.

तौफिक टॉर्च घेऊन धावत आला, जनरेटर धरत नव्हता,
"पाच मिनिटं, पाच मिनिटं," असं
महावितरणच्या वतीनं सांगत राहिला.
"तांब्या हाय?" आत्यानं विचारलं.
तांब्या नव्हता. बागेच्या झाडांचा मग होता.
"धुतलास काय तो? धू आधी."

काचांच्या मागे ओला बोळ, लोखंडी स्टूल.
आत्या नऊवारी खोचून वर चढली,
टाकीतलंच पाणी मगानं घेतलं,
हात डोक्यावर नेला, आणि उंचावरून सोडलं.
धार पडली. फेस झाला.
पुन्हा घेतलं. पुन्हा सोडलं.
"पुन्याच्या हाटेलवाल्याची शेवंडं
एका रात्री अशीच राखलेली मी.
जित्त्याला दुप्पट भाव."
मी मोबाइलचा उजेड धरून उभी.
"आनि हितं?" ती म्हणाली,
मग हसली, उत्तराची वाट न बघता.

शेजारच्या टाकीवर तौफिक चढला,
पलीकडे शाळेचा शिपाई, त्याच्या हातात डबा.
तीन धारा, तीन वेगळ्या लयींत.
पोरं गप्प झाली होती.
मीही मोजायला लागले आणि सत्तरनंतर विसरले.

पंखा घरघरला. निळं परत आलं.
आत्या उतरली, हात पदराला पुसले,
मग नाकाशी नेऊन हुंगले.
"वासच नाय गो," म्हणाली,
कुणीतरी फसवल्यासारखी.

बाहेर बर्फाचा गोळा घेतला, काला खट्टा,
त्याच्याशीही घासाघीस केली.

दुसऱ्या दिवशी जेटीवर मी नव्हते.
वनिता होडेकर सांगत होती:
तांबोशीची पाटी पुढ्यात आली,
द्वारकानं कल्ला उचलला, लाल होता,
तरी बोट काढीना.
लोक म्हणाले, काय झालं, खराब हाय?
तिनं झाकण हळूच खाली ठेवलं,
जसं निजलेल्याचं पांघरूण.

"आणि भाव?" मी विचारलं.

"भाव सोडतेय व्हय ती."